तपासणी वेगळी, निगराणी वेगळी

थंडी सरता सरता इंदूरच्या मराठी मंडळींत फ्लूचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते: "झाबुआ-अलिराजपूरकडे काही नाही, तिकडे एकही पॉझिटिव्ह निघालेला नाही." (हे मध्य प्रदेशाच्या पश्चिम टोकाचे, गुजरातला लागून असलेले आदिवासी जिल्हे.) बोलणारा बहुधा सुशिक्षित असतो, क्वचित डॉक्टरही असतो, आणि त्याच्या वाक्याचा उत्तरार्ध खराही असतो, मात्र त्यावरून पूर्वार्ध सिद्ध होत नाही. पॉझिटिव्ह निघाला नाही, ही तपासणीची बातमी झाली. तिकडे साथ आहे की नाही, हे निगराणीला, म्हणजे गावोगावच्या आजारांवर सतत ठेवलेल्या नजरेला, विचारावे लागते. ही गल्लत इतक्यांदा ऐकली आहे की आता ती एकदा नीट सोडवून ठेवावी असे वाटते.

तपासणीविषयी फार सांगण्याची गरज नाही, कारण कोविडने ती घरोघरी पोहोचवली. नाकाघशातून काडी फिरवायची, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि त्या एका माणसाच्या अंगात त्या एका दिवशी विषाणू होता की नव्हता ते कळून घ्यायचे. इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत केंद्र सरकारच्या सूचनांनी रुग्णांचे तीन वर्ग केले आहेत, आणि त्यांतील पहिल्या दोन वर्गांची, म्हणजे साध्या ताप-खोकल्याच्या आणि घरीच उपचार होऊ शकणाऱ्या रुग्णांची, तपासणी आवश्यक मानलेली नाही; धाप, छातीतले दुखणे, ग्लानी अशी लक्षणे असलेल्या तिसऱ्या वर्गाचीच ती करायची असते. म्हणजे वर्तमानपत्रातला पॉझिटिव्हचा आकडा मुळातच गंभीर आजाऱ्यांचा, आणि त्यातही रुग्णालयापर्यंत पोहोचू शकलेल्यांचा आकडा असतो.

हंगामी फ्लू आणि महासाथीचा फ्लू हा फरक तर चटकन सांगून होतो. महासाथीचा विषाणू बहुतेकांच्या शरीराला अनोळखी असतो. तो अधिक जीवघेणाच असतो असे नाही. २००९ च्या महासाथीतला एच१एन१ पुढे हंगामी झाला आणि त्याच हंगामी रूपात २०१५ साली त्याने भारतात २००९ पेक्षा जास्त बळी घेतले. (त्याला अजूनही "स्वाइन फ्लू" म्हणणे आता पुरे झाले. तो कित्येक वर्षे माणसांकडून माणसांनाच होतो आहे.)

निगराणी या शब्दाविषयी मात्र माझा आग्रह आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी मराठीत यालाच "सर्वेक्षण" म्हणतात, आमच्या मध्य प्रदेशातल्या हिंदी कागदांवर "निगरानी" असते, आणि या एका बाबतीत मला इकडचा कागद अधिक शहाणा वाटतो. सर्वेक्षण म्हटले की पथक येते, घरे मोजते, अहवाल देते आणि निघून जाते. निगराणीत कोणी निघून जात नाही. तेच गाव, तीच माणसे, तेच साधे प्रश्न, दर आठवड्याला. २००४ पासून चाललेल्या देशव्यापी कार्यक्रमात यासाठी तीन फॉर्म असत: गावपातळीवरील आरोग्य कर्मचाऱ्याने नुसत्या लक्षणांवरून भरायचा एस, डॉक्टरने अंदाजी निदानावरून भरायचा पी आणि प्रयोगशाळेचा एल. आता हे सारे संगणकावर होते, पण तीन पायऱ्या त्याच आहेत, आणि दुर्गम आदिवासी भागासाठी त्यांतली सर्वात मोलाची पायरी पहिली आहे, जिच्यात एकही नमुना घेतला जात नाही.

आता खरी अडचण. निगराणीच्या तक्त्यात "शून्य" आणि "कोरा रकाना" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जवळजवळ सगळे त्या एकच समजतात. शून्य म्हणजे कोणीतरी गेले, विचारले, आणि ताप-खोकल्याचे कोणी आढळले नाही. कोरा रकाना म्हणजे कोणी गेलेच नाही, किंवा जाऊनही कळवू शकले नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बेरीज करणाऱ्याला दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, कारण कोऱ्या जागेने बेरीज वाढत नाही, आणि आलेख सुखाने खाली उतरतो.

उदाहरणादाखल असे समजा की एका गावाचे पाच फलिये, म्हणजे पाच वस्त्या, आहेत. भिल्ल-भिलाल्यांच्या गावात घरे एकमेकांना चिकटलेली नसतात; ती टेकड्या-टेकड्यांवर विखुरलेल्या फलियांत असतात, आणि एका फलियातून दुसऱ्यात जायला चांगली पायपीट होते. दर आठवड्याला गावात मिळून चार-पाच जणांना ताप-खोकला असतो. ही त्या गावाची सवय झाली. एका आठवड्यात नऊ जण निघतात, पुढच्यात सतरा, आणि त्यापुढच्यात तीन. शहरात बसलेला माणूस म्हणतो, साथ ओसरली. प्रत्यक्षात त्या आठवड्यात पाचपैकी चार फलियांचे रकाने कोरे आहेत, कारण नोंद करणारी आशाताई स्वतःच तापाने अंथरुणाला खिळली आहे. नेमकी साथ शिगेला पोहोचते तेव्हाच मोजणारी माणसे आजारी पडतात, आणि म्हणून कोरे रकाने सर्वात वाईट आठवड्यात सर्वात जास्त असतात. माझ्या मते तक्ता वाचणाऱ्याने आधी "किती रुग्ण?" असे न विचारता "किती फलियांतून उत्तर आले?" असे विचारावे, आणि पाचपैकी चार उत्तरे न येणे हीच धोक्याची घंटा मानून त्याच दिवशी कोणाला तरी जीपने तिकडे धाडावे.

याच गल्लतीचे धाकटे भावंड स्थलांतर. पेरणी-कापणीचे दिवस संपले की या पट्ट्यातली कुटुंबे बांधकामाच्या मजुरीला गुजरातेत जातात, दिवाळीला आणि होळीला परततात. गाव अर्धे रिकामे असताना दोन रुग्ण आणि गाव भरलेले असताना दोन रुग्ण यांचा अर्थ एक नाही. त्यातच होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोऱ्याचे हाट, म्हणजे आदिवासींचे जत्रेसारखे गर्दीचे बाजार, भरतात, आणि आपल्याकडच्या फ्लूचा एक बहर जानेवारी ते मार्च असाच असतो. तेव्हा भगोऱ्यानंतरच्या दोन आठवड्यांतले कोरे रकाने मला कोणत्याही पॉझिटिव्हपेक्षा जास्त अस्वस्थ करतात.

तपासणीवाचून निगराणी होऊ शकते का, असे ज्यांना वाटते त्यांनी १९१८ च्या फ्लूच्या महासाथीतले प्रशांत महासागरातले सामोआ बेट पाहावे. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू १९३३ पर्यंत कोणी वेगळा केलेला नव्हता, म्हणजे तपासणीचा प्रश्नच नव्हता. पश्चिम सामोआत ऑकलंडहून आलेल्या तालून नावाच्या बोटीला बंदरात येऊ दिले आणि तिथली सुमारे एक पंचमांश प्रजा दगावली. शेजारच्या अमेरिकन सामोआचा गव्हर्नर जॉन पोयर याने बाहेरच्या साथीच्या बातम्यांवरून बोटींवर कडक निर्बंध घातले, आणि तिथे फ्लूने एकही मृत्यू झाला नाही. याउलट २००९ मध्ये कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात प्रयोगशाळा उत्तम होती, तरी उत्तरेकडच्या दूरच्या मूलनिवासी वस्त्यांमधून गंभीर रुग्ण विमानाने विनिपेगला आणावे लागले, आणि पुढे सप्टेंबरात काही वस्त्यांना पाठवलेल्या साहित्यात प्रेते ठेवण्याच्या पिशव्या निघाल्या. तयारी कोणत्या गोष्टीची केली होती, ते त्या वस्त्यांनी त्यावरून ओळखले.

निगराणीला तपासणी लागते, पण थोडी. आकडा सवयीच्या वर गेला की त्या गावातले मोजके नमुने पुरतात, कारण प्रश्न "कोणाला झाला?" असा नसून "हा कोणता विषाणू?" असा असतो. ते नमुने दोन ते आठ अंश तापमानात, शक्यतो तीन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजेत. म्हणजे लसीकरणाचा बर्फाचा डबा आणि चालू स्थितीतली गाडी या दोन वस्तूंवर सारे अडते. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध मात्र त्या अहवालाची वाट पाहत कपाटात ठेवू नये. ते औषध लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडते, आणि तेवढा वेळ डबा रस्त्यावर असतानाच निघून जातो. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीपासून असायला हवे, आणि निगराणीचा आकडा चढलेला असेल तर गंभीर वा जोखमीच्या रुग्णाला डॉक्टरने लक्षणांवरूनच द्यावे.

शेवटची गोष्ट आम्हा इंदूरकरांना सहसा सुचत नाही. आपल्याला वाटते, अलिराजपूरचा गंभीर रुग्ण इंदूरच्या एम. वाय. या मोठ्या सरकारी रुग्णालयात येईल आणि आपल्याला कळेल. तो पुष्कळदा दाहोद किंवा वडोदऱ्याला जातो, कारण ते जवळ पडते आणि घरातले कोणीतरी तिकडेच कामावर असते. तिथल्या नोंदवहीत पत्ता म्हणून बांधकामाची जागा लिहिली गेली, की त्या रुग्णाचे गाव मध्य प्रदेशच्या तक्त्यात कोरेच राहते, आणि गुजरातच्या तक्त्यात ते गाव मुळातच नसते.