टीएसआय इंजिनाच्या आकड्यांमागची गोष्ट

चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या स्कोडा-फोक्सवॅगनच्या कुशाक, टायगुन, स्लाव्हिया आणि व्हर्टस या गाड्यांना दोन टर्बो पेट्रोल इंजिनं मिळतात. टीएसआय हे फोक्सवॅगनचं या इंजिनांसाठीचं नाव. एक 999 सीसीचं, तीन सिलिंडरचं, 115 पीएस (अश्वशक्ती) ताकदीचं आणि 178 न्यूटन मीटर टॉर्कचं (म्हणजे ओढीचं). दुसरं 1498 सीसीचं, चार सिलिंडरचं, 150 पीएस आणि 250 न्यूटन मीटरचं. बुकिंग करायला निघालेल्याला घरातलं किंवा ऑफिसातलं कोणीतरी हमखास सांगतं, "चालवायला भारी आहे रे, पण इंजिन टिकायचं नाही." ही भीती उगाच पसरलेली नाही. मात्र ती ज्या इंजिनांमुळे पसरली, ती आजची नव्हेत. आजच्या इंजिनाच्या माहितीपत्रकातल्या बऱ्याच ओळी त्या जुन्या दुखण्यांवर शोधलेले इलाज आहेत.

पेट्रोल इंजिनाला टर्बो लावणं मुळात अवघड. टर्बो हवा दाबून भरतो, दाबलेली हवा तापते आणि ठिणगी पडण्याआधी किंवा पडल्यावर मिश्रण भलत्याच ठिकाणी पेट घेतं. हेच नॉकिंग, आणि ते वाढलं की पिस्टन खलास. 1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर आली, तेव्हा तिचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, 10.25 होतं आणि वर टर्बो. नॉकिंग आवरायला कंपनीने पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडलं. मालकांनी ती टाकी वेळेवर भरायची होती. अनेकांनी भरली नाही, टाकी रिकामी झाली की यंत्रणा टर्बोचा दाब कमी करायची आणि गाडीचा जोर जायचा. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली. पुढच्या बहुतेक टर्बो गाड्यांनी सरळ कॉम्प्रेशन कमी ठेवलं. त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत गाडी मरगळलेली वाटायची.

यावरचा उपाय दुसऱ्याच वाटेने आला. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं, तर त्याची वाफ होताना ते आतली हवा थंड करतं. जेटफायरचं पाणी-मिथेनॉल जे काम करत होतं, ते इथे इंधनच करतं. थेट फवारणीचं तंत्र जर्मनीत विमानांच्या इंजिनांत आधीच वापरात होतं. 1954 च्या मर्सिडीज 300 एसएलनेही बॉशच्या पंपासह ते रस्त्यावरच्या गाडीत वापरलं. त्या गाडीची एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. चावी फिरवून इंजिन बंद केलं तरी ते पूर्ण थांबेपर्यंत यांत्रिक पंप पेट्रोल फवारत राहायचा. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरायचं आणि ऑइल पातळ व्हायचं. आजचे इंजेक्टर इलेक्ट्रॉनिक आहेत, तरी थेट फवारणीच्या इंजिनात इंजिन थंड असताना छोट्या फेऱ्या झाल्या की थोडं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतंच.

1996 मध्ये मित्सुबिशीने थेट फवारणीचं जीडीआय इंजिन गॅलांट गाडीत बसवलं, 2000 मध्ये फोक्सवॅगनने त्याच तंत्राची लुपो एफएसआय आणली. दोघांचा उद्देश पेट्रोल वाचवणं हा होता. टर्बो आणि थेट फवारणी यांची जोडी खऱ्या अर्थाने जमली ती 2004 मध्ये, ऑडी ए3 आणि गोल्फ जीटीआयच्या 200 पीएसच्या दोन लिटर इंजिनात.

आणि मग घाई झाली. 2005 चं फोक्सवॅगनचं 1.4 लिटरचं ट्विनचार्जर इंजिन सुपरचार्जर (इंजिनाच्याच फिरण्यावर चालणारा हवेचा पंप) आणि टर्बो दोन्ही वापरून 170 पीएस द्यायचं. 2009 आणि 2010 अशी सलग दोन वर्षं त्याला 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा सर्वोच्च किताब मिळाला. त्याच कुळातल्या इंजिनांचे पिस्टन रिंगांच्या खाचेपाशी तडकल्याच्या तक्रारीही आल्या. कागदावरची ताकद आणि दहा वर्षांचं आयुष्य या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसलं असेल.

दुसरं दुखणं टायमिंग चेनचं, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणाऱ्या साखळीचं. फोक्सवॅगनच्या ईए111 कुळातल्या 1.2 आणि 1.4 इंजिनांत चेन ताणली जायची. तिचा ताण राखणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की दाब उतरतो, सकाळी स्टार्ट करताच दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. मेकॅनिक ती खडखड ऐकूनच ओळखतात. दुर्लक्ष केलं आणि चेन दात सोडून सरकली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. 1.8 आणि 2.0 लिटरच्या ईए888 मध्येही टेन्शनरची अडचण होती, शिवाय दुसऱ्या पिढीत पिस्टनच्या ऑइल रिंग बारीक आणि ऑइल परत जाण्याची भोकं छोटी असल्याने इंजिन ऑइल पिऊ लागलं. तोवर इथल्या स्कोडा लॉरा आणि सुपर्बमध्ये 1.8 टीएसआय आलं होतं. 'जर्मन टर्बो म्हणजे खर्च' हे वाक्य आपल्याकडे रुजलं त्यात या काळाचा मोठा वाटा आहे.

2012 मध्ये ईए211 हे नवं कुळ आलं, आणि इथे फोक्सवॅगनने शहाणपणा केला असं मला ठामपणे वाटतं. चेन काढून दातेरी बेल्ट घातला. धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतून घेतला. त्यामुळे इंजिन लवकर तापतं आणि जोरात चालवताना बाहेर पडणारा धूर पाण्याने थंड होतो. तापमान आवरण्यासाठी जादा पेट्रोल ओतायची गरज कमी झाली. त्याच कुळातल्या 1.5 इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर प्लाझ्माने फवारलेला लोखंडी थर आला आणि भार कमी असताना मधले दोन सिलिंडर बंद करण्याची सोय आली. कॉम्प्रेशन 10.5, म्हणजे जेटफायरपेक्षाही किंचित जास्त, आणि तेही वेगळी टाकी न बाळगता.

भारतात 1.0 टीएसआय येण्यामागे कायद्याचा धक्का होता. 1 एप्रिल 2020 पासून बीएस6 हा प्रदूषणाचा कडक नियम लागू झाला, कंपनीने इथलं 1.5 डिझेल बंद केलं आणि पोलो, व्हेंटोमध्ये 110 पीएसचं 1.0 टीएसआय बसवलं. 2021 च्या सुरुवातीच्या काही कुशाकमध्ये इंजिनाच्या नियंत्रणात बिघाड दाखवणारा 'ईपीसी' दिवा लागून गाडी बंद पडायची. दोष इंधन पंपात निघाला आणि कंपनीने जास्त दणकट पंप दिला. इंजिनाचा गाभा त्यात गुंतलेला नव्हता, पण गाडी रस्त्यात बंद पडलेल्याला हा फरक सांगून समाधान होणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

एक दुखणं मात्र अजून राहिलं आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात असल्याने ते इनटेक व्हॉल्व्हची मागची बाजू धूत नाही. ब्रीदरमधून (इंजिनातल्या वाफा परत आत सोडणाऱ्या नळीतून) आलेल्या ऑइलच्या वाफा तिथे बसतात, करपतात आणि काळी खरखरीत पुटं चढतात. अक्रोडाच्या कवचाचा भुगा दाबाने मारून ती काढतात. टोयोटाने 2005 पासून काही इंजिनांत थेट सिलिंडरमध्ये आणि व्हॉल्व्हच्या आधी फवारणारे असे दोन्ही प्रकारचे इंजेक्टर देऊन हा प्रश्न सोडवला. आपल्या टीएसआयमध्ये ती सोय नाही. दुसरी गोष्ट कमी आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून ठेवण्याची. त्यातून ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो आणि ऑइलमधलं कॅल्शियम त्यात भर घालतं. म्हणूनच 2018 पासून ऑइलचे नवे दर्जे, एसएन प्लस आणि मग एसपी, ठरवले गेले. मॅन्युअलमध्ये छापलेला ऑइलचा नंबर सोडून स्वस्तातलं भरणं या इंजिनाला महागात पडतं.

आता प्रश्न पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलचा, म्हणजे ई20 चा. ॲव्हरेज थोडं घटतं, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी. पण त्याचा ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याची क्षमता) जास्त आणि बाष्पीभवनात ते हवा अधिक थंड करतं, म्हणजे टर्बोला मानवणारं इंधन. ब्राझीलमध्ये याच 1.0 टीएसआयची फ्लेक्स आवृत्ती पेट्रोलवर 116, तर उसाच्या इथेनॉलवर 128 अश्वशक्ती देते. तिचं इंधनमार्गाचं सामान त्यासाठी बनवलेलं आहे. म्हणून जुनी गाडी घेताना ती कोणत्या वर्षाची आणि ई20 साठी मान्य आहे का, हे इंधनाच्या झाकणावरचं स्टिकर आणि मॅन्युअल पाहून तपासावं.