लंडनहून परतताना वेळ का वाचतो?

मुंबईहून लंडनला जायला साडेनऊ-दहा तास, परतायला मात्र साडेआठ-नऊ. हवाई अंतर तेच, सुमारे ७,२०० किलोमीटर. यावर वर्षानुवर्षं ऐकवलं जाणारं कारण म्हणजे पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून!

साफ चूक. विमानाखालून पृथ्वी अशी सरकत असती, तर मुंबईवर तासभर एकाच जागी थांबलेलं हेलिकॉप्टर थेट ओमानच्या किनाऱ्यावर उतरलं असतं. आपल्या अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याचा वेग ताशी जवळपास १,५८० किलोमीटर आहे. आणि मग पश्चिमेला, म्हणजे लंडनलाच, लवकर पोचायला हवं होतं. जमिनीसोबत हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं.

खरी करामत वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात त्याचा वेग कधी कधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर. (तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नका, त्या त्या-त्या ठिकाणच्या असतात.) हा प्रवाह पूर्वेकडे वळण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण तेवढाच.