खानदेशातील नागरीकरण व जलमर्यादा

खानदेशातील नागरीकरण व जलमर्यादा : धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतील नगरवाढ आणि तिला उपलब्ध पाण्यामुळे पडणारी मर्यादा. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची सु. ३२, धुळ्याची २८ व नंदुरबारची १७ टक्के लोकसंख्या नागरी होती. राज्याचे प्रमाण ४५ टक्के. ‘झपाट्याचे नागरीकरण’ हे वर्णन त्यामुळे सबंध खानदेशाला लावता येत नाही. २००१–११ मध्ये जळगाव शहर सु. ३.७ लाखांवरून ४.६ लाखांवर गेले, धुळ्याची वाढ मात्र जेमतेम १० टक्के होती.

धुळ्याच्या नव्या पेठेची आखणी ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास केली. पुढे विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या आरंभी (१८८४ नंतर) दातर्ती येथे पांझरा नदीच्या पाण्यासाठी सायफन (अडथळ्यापलीकडे पाणी नेणारी बंद नळी) बांधला. शहराला पाणी हवे झाले तेव्हा या नदीवर बंधाऱ्यांचा हक्क आधीच रूढ होता. बंधारा, पाट व फड (पाटाखाली भिजणारा शेतांचा गट) अशी ही सिंचनाची रचना. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाण्याची पाळी पाटकऱ्याने (पाटावरील राखणदाराने) सांभाळायची. फडपद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक ती १६०१ मध्ये संपलेल्या खानदेशच्या फारुकी राजवटीपर्यंत मागे नेतात, तर पुष्कळजण ती ३०० ते ४०० वर्षांची मानतात. दुसरे मत अधिक सावध असल्याने ग्राह्य वाटते. बंधाऱ्यांची डागडुजी वारंवार होत आल्याने केवळ बांधकामावरून काळ ठरविणे धोक्याचे आहे.

पांझरा, नकाणे व डेडरगाव तलाव अपुरे पडू लागल्यावर धुळ्यासाठी तापीचे पाणी आणले गेले. तापीचे पात्र शहरापेक्षा सखल असल्याने ते उपसावे लागते. पाण्याची मर्यादा येथे विजेच्या खर्चाचे रूप घेते. जळगावची मदार आधी गिरणेवर होती, आता वाघूर धरणावर आहे. भुसावळ परिसरात शहर, रेल्वे व दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र तापीवरील हतनूर धरणाच्या पाण्याचे वाटेकरी आहेत आणि पूर्णेच्या गाळाने त्या धरणाची साठवण घटत आली आहे. यावल–रावेर पट्ट्यात केळीसाठीच्या उपशाने भूजल खोल गेले आहे, ते शहरांमुळे नव्हे. वर्तमानपत्री लेखनात शेतीचा उपसा व शहरांची पाणीटंचाई या दोन बाबींची सरमिसळ होते.

नंदुरबार शहरास शिवण नदीवरील विरचक प्रकल्पातून पाणी मिळते.