ड्रॉप घ्यायचा की नाही : सीमाभागातल्या एका वर्षामागची गोष्ट

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी घरांत आठवडाभर दुसरा विषय नसतो. एमबीबीएस थोडक्यात हुकलेलं असतं. मिळेल तिथे आयुर्वेदाच्या बीएएमएसला जायचं, की ड्रॉप घ्यायचा, म्हणजे कुठेच प्रवेश न घेता वर्षभर तयारी करून परीक्षा पुन्हा द्यायची? आजोबा म्हणतात, वर्ष वाया जाईल. क्लासवाले त्याच वर्षाला 'लाँग टर्म' म्हणतात.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९५६ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. बेळगावात पहिलं मेडिकल कॉलेज १९६३ला निघालं, तेही खासगी. सरकारी कॉलेज यायला त्यानंतर चाळीस वर्षं उलटावी लागली. मधल्या काळात कॅपिटेशन फीचा, म्हणजे प्रवेशासाठी उकळल्या जाणाऱ्या देणगीचा जोर होता. ती रोखणारा कर्नाटकाचा कायदा १९८४चा, आणि रँकवर जागा देणारी राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, नव्वदच्या दशकातली.

आजच्या पेचाचं मूळ २०१६मध्ये आहे. त्याआधी २०१३ला नीट एकदा झाली होती, पण जुलैतच न्यायालयाने ती मोडीत काढली. ११ एप्रिल २०१६ला तो निकाल मागे घेतला गेला आणि १ मेला परीक्षेचा पहिला टप्पा झालासुद्धा. सीईटीची तयारी केलेल्या मुलांच्या हातात तीन आठवडेही नव्हते. मेअखेर वटहुकूम निघाला आणि राज्यांच्या सरकारी जागांना त्या वर्षापुरती सूट मिळाली. २०१७पासून राज्यांच्या जागांनाही नीट. त्या हंगामात तीनच संधींची अट आली, पाठोपाठ २०१७ची परीक्षा हीच पहिली संधी धरली जाईल असा खुलासा आला. खुल्या गटासाठी २५ वर्षांची वयोमर्यादाही आली. ती न्यायालयांत फिरत राहिली आणि मार्च २०२२मध्ये हटली. आता संधी मोजल्या जात नाहीत आणि वयाची वरची अटही नाही. ड्रॉप घेणं सर्रास झालं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आमच्याकडे मात्र ड्रॉपचं खरं कारण भाषेत आहे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. सरकारी मराठी शाळेतून दहावी झालेली मुलगी पीयूला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, सायन्स घेते आणि पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत सुरू होतं. अशा मुलांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. 'क्रोमोसोम'शेजारी पेन्सिलीने 'गुणसूत्र', 'डिस्प्लेसमेंट'शेजारी 'विस्थापन', आणि दिवाळीपर्यंत समासात जागा उरत नाही. फर्स्ट पीयूचं अर्धं वर्ष विषयाऐवजी शब्दांवर जातं. जे वर्ष तिथे गेलं, तेच बारावीनंतर ड्रॉप म्हणून परत मागावं लागतं. त्याला मुलीचा आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मग नीट मराठीतून का देत नाही, असं पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात. २०१७पासून प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते आणि कन्नडमध्येही. पण प्रादेशिक भाषेची पुस्तिका त्या त्या राज्यातल्या केंद्रांवरच मिळते. म्हणजे मराठी महाराष्ट्रात, कन्नड कर्नाटकात. बेळगावच्या केंद्रावर बसणाऱ्या मराठी मुलाला मराठी पुस्तिका नाही. ती हवी असेल तर कोल्हापूरसारखं महाराष्ट्रातलं केंद्र मिळायला हवं. इंग्रजी सगळीकडे मिळते, म्हणून बहुतेक जण इंग्रजीच भरतात. भाषांतरावर विसंबणंही सोपं नाही. २०१८ला तमिळ पुस्तिकेतल्या ४९ प्रश्नांच्या भाषांतरावरून प्रकरण न्यायालयात गेलं होतं, आणि शंका आली तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरतात. हा नियम करताना प्रत्येक भाषेला एक राज्य नेमून दिलं गेलं. सीमेवरची माणसं कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, असंच म्हणावं लागतं.

आरक्षणातही हीच रेघ दिसते. कर्नाटकात पहिली ते दहावी कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठी वेगळ्या जागा आहेत. मराठी माध्यमाला त्या लागू नाहीत. खेड्यात शिकलेल्यांसाठीचा ग्रामीण कोटा मात्र मराठी मुलांनाही मिळतो. म्हणून ड्रॉपचा हिशेब मांडताना मागच्या वर्षीचा नुसता 'जनरल'चा कटऑफ बघून चालत नाही.

अलीकडच्या वर्षांनी हा हिशेब आणखी अवघड केला आहे. २०२०ला परीक्षा थेट १३ सप्टेंबरला झाली. २०२४ला पहिल्या निकालात ६७ जणांना ७२०पैकी ७२० मिळाले, सुधारित निकालात ते १७ उरले, पेपरफुटीचं प्रकरण गाजलं, पण सगळ्यांची फेरपरीक्षा झाली नाही. त्या वर्षीचे कटऑफ डोळ्यांसमोर ठेवून ज्यांनी ड्रॉप घेतला, त्यांच्यासमोर २०२५ला वेगळाच पेपर आला. देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते. वर्षभर घोकलेला आकडा एका दुपारी निरुपयोगी ठरला.

कागदपत्रांचा मुद्दा मात्र ड्रॉपआधीच बघायला हवा. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशात 'विवादग्रस्त सीमाभाग' अशी वेगळी सोय आहे. तिच्यासाठी मातृभाषा मराठी असावी लागते आणि दहावी-बारावी याच भागातून झालेली असावी लागते. कर्नाटकातही 'गडीनाडू' असा शब्द आहे. पण तो अक्कलकोट, जतसारख्या महाराष्ट्रातल्या तालुक्यांमधल्या कन्नड भाषकांसाठी आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ सीमेवरचा, म्हणून पालक गोंधळतात आणि चुकीच्या रकान्यात टिक करतात.

यातूनच एक चूक वारंवार होते. चांगल्या क्लाससाठी मुलाला दहावीनंतर कोल्हापूर किंवा लातूरला धाडतात आणि बारावी तिथेच होते. महाराष्ट्राच्या सर्वसाधारण जागांना दहावीही महाराष्ट्रातली लागते आणि सीमाभागाच्या सोयीला बारावी इकडची लागते. मुलगा दोन्हींना मुकतो. कर्नाटकात सात वर्षं शिकून दहावी इथे झाली असेल, तर तेवढा दरवाजा उघडा राहतो. म्हणून बारावी इथेच करावी आणि लातूरला जायचंच असेल तर ड्रॉपच्या वर्षात जावं. त्या वर्षी मार्क वाढू शकतात, पण दहावी-बारावीच्या दाखल्यावरचं गाव तेच राहतं.