ट्रेलरचं वजन वेगळं, टंग वेट वेगळं

होंडाच्या गोल्डविंग बाइकमागे पॉप-अप कॅम्पर (उघडला की तंबू होणारा छोटा ट्रेलर) जोडायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'किती किलोचा आहे?' सामानासकट १६० असं उत्तर आलं की गडी खूश. टंग वेटचं विचारलं तर म्हणतो, 'तेच की, १६०!' नाहीतर 'दांडा एका हाताने उचलला, हलका आहे.'

एकूण वजनात समजावण्यासारखं काही नाही. ट्रेलर, गाद्या, शेगडी, कूलर, सगळं मिळून काट्यावर येईल ते. त्याचा खरा ताण ब्रेकवर. असे बहुतेक छोटे कॅम्पर बिनब्रेकचे, त्यामुळे सगळं बाइकलाच थांबवावं लागतं. 'ओढेल का?' हा प्रश्न मात्र कृपा करून विचारू नका. १८३३ सीसीचं इंजिन आहे, ओढतं. (ही बाइक ट्रेलरसाठी बनवलेली नाही, असं होंडाचं मॅन्युअलच सांगतं. अमेरिकेत लोक तरीही ओढतात, ते स्वतःच्या जबाबदारीवर.)

टंग वेट म्हणजे ट्रेलरच्या दांड्याचं टोक हिचच्या (बाइकमागच्या जोडणीच्या) बॉलवर जेवढं दाबतं तेवढंच ओझं. ते एकूण वजनाच्या साधारण १० टक्के हवं, म्हणजे इथे १६ किलो. आणि ते ठरतं सामान कुठे ठेवलंय त्यावर. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं, तोच हिशेब.

ट्रेलरच्या ॲक्सलपासून कपलर (दांड्याच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) १६० सेंटिमीटरवर आहे असं धरा. १० किलोची पेटी ॲक्सलच्या ४० सेंटिमीटर पुढून उचलून ४० सेंटिमीटर मागे ठेवली, की टंग वेट ५ किलोने घटलं. १६ चे ११ झाले, एकूण वजन मात्र तेवढंच! एवढ्याने ट्रेलरचं शेपूट हायवेच्या वेगाला डोलायला लागू शकतं. डोलायला लागलाच तर थ्रॉटल हळूच सोडा. वेग वाढवून तो सरळ होत नाही.

उलट टोकालाही जाऊ नका. हिच मागच्या चाकाच्याही मागे असतो, त्यामुळे तिथलं ओझं तरफेसारखं पुढचं चाक उचलतं. बॉल मागच्या ॲक्सलपासून ६० सेंटिमीटर मागे असेल, तर १६ किलोलाच पुढचं चाक साडेपाच किलोने हलकं होतं. ३० किलो टाकलेत तर हँडल पोकळ लागतं. शिवाय बाइकच्या भारक्षमतेत तुम्ही, मागे बसलेली व्यक्ती आणि सामान यांच्यासोबत टंग वेटही मोजायचं असतं. ट्रेलरचं एकूण वजन नाही.

मोजायला बाथरूममधला वजनकाटा पुरतो. सपाट जमीन, ट्रेलर पूर्ण भरलेला, काट्यावर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर कपलर. कपलर बॉलच्याच उंचीवर हवा; दांडा वर-खाली तिरका राहिला तर आकडा चुकतो.

स्विव्हल (फिरत्या सांध्याचा) हिच घ्यायचा की साधा? स्विव्हल. बाइक आडवी झाली तरी ट्रेलर उभा राहतो. विषय संपला.

कूलरचं तेवढं बघा. तो बहुधा दांड्यावरच असतो, ॲक्सलच्या मीटरभर पुढे. २० किलोचा भरलेला कूलर एकटाच साडेबारा किलो टंग वेट देतो. बर्फ वितळला म्हणून वजन कमी होत नाही, पण पाणी सोडून दिलं, बाटल्या संपल्या आणि कूलर ६ किलोवर आला, की १६ चे ७ होतात. जाताना सरळ चाललेला ट्रेलर परतीला हलका होऊनही डोलतो, तो यामुळे. निघण्याआधी मागची एखादी जड पिशवी पुढे घ्या आणि पुन्हा काटा लावा.