एका संगणकावर दोन जावा: जुनी काढण्याआधी हे वाचा

‘नवी जावा टाकली, जुनी काढली आणि लेबलं छापायची थांबली.’ आमच्या साठा-नोंदीच्या प्रणालीचे ग्राहक सर्वात जास्त फोन याच तक्रारीचे करतात. जावा म्हणजे ही प्रणाली ज्याच्या आधारे चालते ते सॉफ्टवेअर. जावाच्या दोन काय, चार आवृत्त्याही एका संगणकावर सुखाने नांदतात. प्रत्येकीचं फोल्डर वेगळं असतं. नवी चालावी म्हणून जुनी काढायची गरज कधीच नसते. ओरॅकलचा जावा 8 चा इन्स्टॉलर ‘जुन्या आवृत्त्या काढू का’ असं विचारतो, तिथे नाही म्हणा.

या प्रणालीला जुनी आणि नवी, दोन्ही जावा लागतात. मुख्य भाग जावा 17 वर चालतो. लेबलांचा भाग 32-बिट जावा 8 वर चालतो, कारण लेबल प्रिंटरचा डीएलएल (प्रिंटरशी बोलणारी फाइल) 32-बिट आहे आणि 64-बिट जावा तो उघडूच शकत नाही. जावा 8 ही 2014 सालची, पण टाकाऊ नव्हे. तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या अजूनही निघतात.

खरा घोळ होतो पाथमध्ये, म्हणजे विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधतं त्यांच्या यादीत. नुसतं ‘जावा’ म्हटलं की विंडोज पाथमधली फोल्डरं क्रमाने तपासतं आणि जी जावा पहिली सापडेल ती चालवतं. बरेच जण फक्त ‘जावा होम’ (JAVA_HOME, जावाच्या फोल्डरचा पत्ता सांगणारी सेटिंग) बदलतात आणि काम झालं असं समजतात. पण ‘जावा’ ही आज्ञा जावा होमकडे बघतच नाही. मेव्हन, ग्रेडल, टॉमकॅट अशा जावावर चालणाऱ्या इतर सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्ट तिकडे बघतात. त्यात ओरॅकलचा इन्स्टॉलर ‘जावापाथ’ नावाचं स्वतःचं फोल्डर पाथच्या सुरुवातीला घालतो. मग तुम्ही शेवटी जोडलेल्या फोल्डरची पाळीच येत नाही. शिवाय सिस्टिमचा पाथ आधी वाचला जातो, युजरचा नंतर.

तपासायचं असेल तर नवी कमांड विंडो उघडा, कारण आधीच उघडलेली विंडो जुनाच पाथ धरून बसते. ‘व्हेअर जावा’ (where java) ही आज्ञा द्या. यादीत सर्वात वर जी दिसेल तीच चालते. मग ‘जावा -व्हर्जन’ (java -version) द्या, एकाच आडव्या रेघेने. दोन रेघा जावा 8 ला कळत नाहीत.

चूक दाखवणारा संदेश (एरर) आला तर त्यातले आकडे वाचा, ते नेमकं दुखणं सांगतात. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ या संदेशात 61 आणि 52 दिसले, तर 17 साठी बनवलेला प्रोग्राम 8 वर सुरू झाला आहे. आकड्यातून 44 वजा केले की आवृत्ती मिळते: 52 म्हणजे 8, 55 म्हणजे 11, 65 म्हणजे 21. लेबलांचा भाग 32-बिट डीएलएलबद्दल कुरकुरला, तर त्याला 64-बिट जावा मिळाली असं समजा.

एक कळकळीची विनंती: पाथ बदलायला ‘सेटएक्स’ (setx) ही आज्ञा वापरू नका. ती आज्ञा 1024 अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते, आणि मग जावाशी संबंध नसलेले प्रोग्रामही बंद पडतात. एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीतून बदला, आणि आधी जुना पाथ एखाद्या फाइलमध्ये उतरवून ठेवा.

खरं तर पाथला हात न लावणंच उत्तम. आमच्या जुन्या मांडणीत लेबलांचा भाग पाथमधल्या जावावर विसंबतो. त्याच्या बॅच फाइलमध्ये (तो भाग सुरू करणाऱ्या आज्ञांच्या फाइलमध्ये) ‘जावा’ या शब्दाच्या जागी जावा 8 च्या बिन फोल्डरातल्या जावा डॉट ईएक्सईचा पूर्ण पत्ता लिहा, दुहेरी अवतरणचिन्हांत. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये मोकळी जागा असल्यामुळे चिन्हं विसरलात तर विंडोज पत्ता ‘प्रोग्राम’पाशीच तोडतं.

नव्या मांडणीत दोन्ही जावा आम्ही प्रणालीच्याच फोल्डरात देतो. डिस्कवर काही शे एमबी जास्त जातात, ही तक्रार आम्हाला मान्य आहे. पण बाकीच्या सॉफ्टवेअरसाठी तुम्ही पाथमध्ये काहीही केलंत तरी छपाई थांबत नाही, म्हणून ती जागा आम्ही जाणूनबुजून घेतो. या प्रती आपोआप अद्ययावत होत नाहीत. जावाच्या सुरक्षा-दुरुस्त्या जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये येतात. देखभाल करार असलेल्या ग्राहकांकडे त्या आम्ही तपासून बसवतो. जुन्या मांडणीवरून नव्यावर येताना तुमच्या नोंदी जशाच्या तशा राहतात.

फोन करण्याआधी ‘व्हेअर जावा’ आणि ‘जावा -व्हर्जन’ या दोन आज्ञांचं उत्तर आणि एररचा पूर्ण संदेश पाठवा. संदेशाचा फोटो घेतलात तर सुरुवातीच्या ओळी कापल्या जाऊ देऊ नका, कारण एररचं नाव तिथेच असतं.