उंच फॉरवर्ड आणि आक्रमकतेची जुनी फूटपट्टी

८ जून २००९. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सामना, मेलबर्न विरुद्ध कॉलिंगवुड. मेलबर्नकडून एक १८ वर्षांचा पोरगा पहिल्यांदाच उतरला होता, जॅक वॉट्स. उंची १९६ सेंटिमीटर, अंगकाठी किरकोळ आणि शाळा अजून संपायची होती. आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, देशभरातल्या सगळ्या पोरांमधून क्लबने त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं होतं. सामना सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. चेंडू त्याच्या हातात आला आणि वळायच्या आत कॉलिंगवुडचे खेळाडू त्याच्यावर तुटून पडले. एकाने कंबर धरली, दुसऱ्याने खांदा, आणि ते लांबलचक शरीर गवतावर आपटलं. काही सेकंदांचं हे दृश्य पुढची कित्येक वर्षं टीव्हीवर दिसत राहिलं. ‘सॉफ्ट’ हा शब्द त्या दिवशी त्याच्या नावाला चिकटला तो चिकटलाच.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या प्रेक्षकांमध्ये हा वाद दर काही वर्षांनी नव्याने पेटतो. नाव बदलतं, आरोप तोच असतो: एवढा उंच, एवढा पगार, पण अंगावर जात नाही. मेलबर्नमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना हा सूर ओळखीचा असेल. हिवाळ्यातल्या सोमवारी ऑफिसात कॉफी घेता घेता पहिला विषय बहुतेक वेळा हाच निघतो. मी या वादात अनेकदा पडलो आहे आणि माझं मत ठाम आहे. लोक ज्या फूटपट्टीने आजच्या फॉरवर्डला मोजतात, ती एका ठरावीक काळात तयार झाली. तो काळ संपला, फूटपट्टी तशीच राहिली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदान अंडाकृती, एका बाजूला १८ खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला की गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर एक. लांबून लाथाडलेला चेंडू हवेतच पकडला की तो ‘मार्क’, मग खेळाडूला निवांत नेम धरून लाथ मारता येते. गोलच्या तोंडाशी उभं राहून मार्क घ्यायचा, हे उंच फॉरवर्डचं मुख्य काम. खेळाचा जन्म क्रिकेटमधूनच झाला. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगं आखडू नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढा, असं टॉम विल्स यांनी १८५८ च्या जुलैत मेलबर्नच्या एका वृत्तपत्राला लिहिलं आणि १८५९ च्या मे महिन्यात पहिले नियम कागदावर आले. अजिंक्य रहाणेने २०२० च्या डिसेंबरात जिथे ११२ धावा काढल्या, त्याच मैदानाची ही हिवाळ्यातली ओळख.

आता उंच फॉरवर्डच्या या जागेचा इतिहास. ‘पूर्वीचे फॉरवर्ड कसे अंगावर जायचे’ हे वाक्य वादात हटकून येतं. कागदपत्रं मात्र वेगळंच सांगतात.

कॉलिंगवुडचा गॉर्डन कॉव्हेंट्री १९२० ते १९३७ खेळला. ३०६ सामने, १,२९९ गोल. स्वभावाने शांत गडी. १९३६ मध्ये त्याच्या मानेवर गळवं झाली होती. रिचमंडचा बचावपटू नेमका तिथेच मारत राहिला, तेव्हा कॉव्हेंट्रीने उलट हात उगारला. शिक्षा, आठ सामने बाहेर. त्या वर्षीची ग्रँड फायनल त्याला खेळताच आली नाही.

एसेंडनचा जॉन कोलमन तर या खेळाचा लाडका. १९४९ मध्ये पहिल्याच सामन्यात १२ गोल, पहिल्याच हंगामात १०० आणि एकूण ९८ सामन्यांत ५३७. सडपातळ बांधा, पण इतरांच्या खांद्यांच्या वर झेप घ्यायचा. १९५१ मध्ये प्रतिस्पर्ध्याने छेडल्यावर त्यानेही हात चालवला, चार सामन्यांची बंदी आली आणि एसेंडन ती ग्रँड फायनल जीलाँगकडून ११ गुणांनी हरलं. आज हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारं पदक कोलमनच्याच नावाचं आहे. म्हणजे या जागेचे दोन आदिपुरुष मारण्यासाठी मुळीच प्रसिद्ध नव्हते. दोघांनी एकेकदा हात उचलला आणि त्याची जबर किंमत मोजली.

मग फूटपट्टी आली कुठून? माझ्या मते १९८० आणि १९९० च्या दशकांतून, रंगीत टीव्हीच्या काळातून.

१९८९ ची ग्रँड फायनल, हॉथॉर्न विरुद्ध जीलाँग. पंचाने चेंडू आपटून सामना सुरू केला आणि जीलाँगचा मार्क येट्स धावत येऊन थेट डर्मट ब्रेरटनवर आदळला. ठरवून केलेला हल्ला होता. ब्रेरटन कोसळला, बरगड्या मोडल्या, मैदानातच ओकला. धावत आलेल्या मदतनीसांनी बाहेर चल म्हटलं, तो हलला नाही. कुबड काढून, बरगडीला हात लावून चालत गोलच्या तोंडाशी गेला, थोड्याच वेळात मार्क घेतला आणि गोल मारला. पूर्ण सामना खेळला, तीन गोल केले, हॉथॉर्न सहा गुणांनी जिंकलं. हे दृश्य ज्याने दहाव्या वर्षी पाहिलं, तो पुढे आयुष्यभर प्रत्येक फॉरवर्डकडे त्याच नजरेने बघणार. त्याला दोष देता येत नाही.

त्याच काळात टोनी लॉकेट होता. १,३६० गोल, आजही विक्रम. कॉव्हेंट्रीचा १,२९९ चा आकडा १९३७ पासून टिकून होता, तो लॉकेटने १९९९ च्या जूनमध्ये सिडनीत ओलांडला. पण गप्पांत आकड्यांपेक्षा १९९४ ची गोष्ट जास्त निघते. सेंट किल्डाकडून खेळताना त्याने सिडनीच्या पीटर केव्हनचं नाक मोडलं, त्याच सामन्यात ११ गोल ठोकले, संघ एका गुणाने जिंकला आणि लॉकेट आठ सामने घरी बसला. शिवाय नॉर्थ मेलबर्नचा वेन कॅरी, छाती काढून घोळक्यात शिरणारा कप्तान, १९९६ आणि १९९९ चे किताब जिंकून देणारा. ब्रेरटन, लॉकेट, कॅरी या तिघांच्या चित्रफितींतून ‘खरा फॉरवर्ड कसा असतो’ याची व्याख्या पक्की झाली.

तोवर कायद्याचा हात मात्र पुढे सरकला होता. १९८५ मध्ये हॉथॉर्नच्या ली मॅथ्यूजने जीलाँगच्या नेव्हिल ब्रन्सला खेळापासून लांब ठोसा मारला. लीगने त्याची नोंदणी चार आठवडे रद्द केलीच, पण पोलिसांनीही गुन्हा दाखल केला. पुढे कॅमेऱ्यात दिसलेल्या प्रकारांवर नंतर कारवाई होऊ लागली आणि डोक्याला लागलेल्या धक्क्यांवरच्या शिक्षा वर्षागणिक कडक झाल्या. आजच्या फॉरवर्डने ब्रेरटनसारखा धक्का खाल्ला तर मारणारा कित्येक आठवडे बाहेर जाईल. त्याने लॉकेटसारखं केलं तर तो स्वतः.

दुसरा बदल डावपेचांचा, आणि वादात तो सगळ्यांत जास्त विसरला जातो. २००० सालचं एसेंडन आख्ख्या हंगामात फक्त एकदा हरलं, २१ व्या फेरीत, वेस्टर्न बुलडॉग्जकडून. प्रशिक्षक टेरी वॉलेसने आपली माणसं एसेंडनच्या गोलसमोर अक्षरशः कोंबली. पूर्वी फुल फॉरवर्डला, म्हणजे गोलच्या अगदी तोंडाशी खेळणाऱ्या फॉरवर्डला, एक बचावपटू असायचा, दोघांत झटापट, बाकी मैदान मोकळं. आता चेंडू येईपर्यंत समोर तिघे-चौघे तयार. २००८ मध्ये अ‍ॅलिस्टर क्लार्कसनच्या हॉथॉर्नने तर अख्ख्या मैदानावर जाळं पसरून बचाव केला आणि किताब नेला.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९९३ मध्ये टोनी मॉड्रा १२९ गोल, गॅरी अ‍ॅब्लेट १२४, जेसन डन्स्टल १२३. एकाच हंगामात तिघे शंभरीपार. २००८ मध्ये लान्स फ्रँकलिनने ११३ केले आणि त्यानंतर आजवर एकाही खेळाडूने शंभर गाठलेले नाहीत. २०२१ चं कोलमन पदक हॅरी मकेला मिळालं ते ५८ गोलांवर. २०१७ चं रिचमंड तर जॅक रीवोल्ट हा एकच खरा उंच फॉरवर्ड आणि भोवती बुटके, चपळ, पाठलाग करणारे खेळाडू घेऊन ३७ वर्षांनी विजेतं झालं. हे माहीत असूनही शनिवारी स्टँडमधून ‘आणखी एक गोल सुटला, अंगावर जा ना!’ अशी आरोळी येतेच.

एक गोष्ट प्रेक्षकांच्या बाजूने ठामपणे सांगायला हवी. आक्रमकता या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. माणसावर जाणं ही एक, चेंडूवर जाणं ही दुसरी. दुसरीची अपेक्षा पूर्ण रास्त आहे. मुंबई क्रिकेटमध्ये ‘खडूस’ म्हणतात ना, तोच गुण. २००२ मध्ये ब्रिस्बेनचा जोनाथन ब्राउन हॉथॉर्नविरुद्ध, आणि २००४ मध्ये सेंट किल्डाचा निक रीवोल्ट सिडनीच्या मैदानावर, दोघेही उडत्या चेंडूच्या दिशेने पाठमोरे धावले. नजर वर, समोरून किती माणसं येताहेत याचा पत्ता नाही, बरगड्या उघड्या, आणि हात शेवटपर्यंत चेंडूसाठी पसरलेले. दोघांनी मार्क घेतला. कुणाला मारलं नाही, कुणाला धमकावलं नाही. जिथे आदळणार हे ठाऊक आहे तिथे डोळे न मिटता जाणं म्हणजे काय, हे ज्याला बघायचं असेल त्याने ते दोन मार्क बघावेत. घोळक्यात घेतलेले मार्क, निसटलेला चेंडू जमिनीवर पडल्यावर दुसऱ्यांदा झेपावणं, चेंडू गेल्यावर बचावपटूचा पाठलाग, हे सगळं मोजता येतं. यात कमी पडणाऱ्या फॉरवर्डला बोल लावायला काहीच हरकत नाही.

पण त्याची किंमतही डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे. त्याच ब्राउनच्या चेहऱ्याची हाडं २०११ मध्ये टकरीत मोडली आणि २०१४ मध्ये डोक्याला मार बसल्यावर त्याने खेळ सोडला. जुन्या पिढीतल्या पॉली फार्मरच्या मेंदूत वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे होणारा आजार असल्याचं त्याच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, निष्पन्न झालं. या खेळातली तशी ती पहिली नोंद. ‘सॉफ्ट’ म्हणण्याआधी हे आठवावं, एवढंच माझं कळकळीचं मागणं आहे.

ड्राफ्टनेही पोरांचं ओझं वाढवलं. १९८६ पासून तळाच्या क्लबला पहिली निवड मिळते. म्हणजे सगळ्यांत गुणी उंच पोरगा सगळ्यांत मोडक्या संघात जातो, आणि तिथे चेंडू पुढे येतो तोच वाकडातिकडा. टॉम बॉइड २०१३ चा पहिला क्रमांक. वर्षभरात तो वेस्टर्न बुलडॉग्जकडे गेला, सात वर्षांचा, लाखो डॉलरचा करार घेऊन. हा आकडा त्याच्या प्रत्येक चुकीबरोबर उच्चारला जाई. मग १ ऑक्टोबर २०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये त्याने घोळक्यांतून मार्क खेचले, तीन गोल केले, त्यातला शेवटचा पार लांबून, आणि १९५४ नंतर बुलडॉग्ज पहिल्यांदा जिंकले. पुढच्या वर्षी त्याने मानसिक आरोग्यासाठी विश्रांती घेतली आणि २०१९ मध्ये, अवघ्या २३ व्या वर्षी, उरलेला करार सोडून निवृत्त झाला.

वॉट्सच्या वाट्याला तर मोडकाच संघ आला. २००८ आणि २००९, दोन्ही वर्षी मेलबर्न तळाला. २०११ च्या जुलैत ते जीलाँगकडून १८६ गुणांनी हरले आणि प्रशिक्षक डीन बेलीची नोकरी गेली. हंगामी धरून वॉट्सने मेलबर्नमध्ये सहा प्रशिक्षक पाहिले. कुणी त्याला पुढे खेळवलं, कुणी मागे, कुणी बाजूला. त्याच्याकडे धाव होती, खेळाची समज होती, आणि उंच खेळाडूंत क्वचित दिसणारा अचूक पाय होता. घोळक्यात घुसून माणसं पाडणं त्याच्या अंगात नव्हतं, आणि लोकांनी त्याच्याकडे नेमकं तेच मागितलं.

२०१७ च्या जूनमध्ये पुन्हा तोच सुट्टीचा दिवस, तेच मैदान, समोर तेच कॉलिंगवुड. सामना संपत आलेला, गुण अटीतटीचे. चेंडू वॉट्सकडे आला. त्याने एका प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी दिली, दोन पावलं मोकळी मिळवली आणि शांतपणे चेंडू खांबांमधून लाथाडला. मेलबर्न १०४, कॉलिंगवुड १००. त्याच वर्षी हंगाम संपल्यावर क्लबने त्याला पोर्ट अ‍ॅडलेडकडे धाडलं, ड्राफ्टमधल्या ३१ व्या निवडीच्या बदल्यात.